कुंकवाचं बोट लागलेली नोटीस

साखरपुड्याला ज्यांना बोलावलंच नव्हतं ती दोन माणसं सगळ्यांत आधी आली.

कडूबाई मांडवात सतरंजी नीट करत होत्या. फाटक वाजलं म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर मोटारसायकलीवरून त्यांची थोरली जाऊ उतरत होती. दगडाबाई. अंगावर ठेवणीतलं जांभळं लुगडं, काखेत कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद की कडूबाईंना लगेच सतरंजीत आणखी एक चुणी सापडली. मागे दगडाबाईंचा जीवन गाडी सावलीत लावत होता. दिवाळीच्या आधी काकाशी भांडून तो याच फाटकातून बाहेर पडला होता. त्यानंतर आज.

"मी जीवनला म्हणलं, कडूनं बोलावणं धाडलंय, आता रुसून कोणावर बसायचं?" दगडाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून एक लांबट खाकी लिफाफा अर्धा वर काढून त्यांनी दाखवला, देवळातून आणलेला प्रसाद दाखवावा तसा. तसा तो देवळातूनच आला होता. ताडकळसहून निघाल्यावर वाट वाकडी करून त्या आधी पोखर्णीला गेल्या होत्या. घरातल्या कार्याची पत्रिका नरसिंहाच्या पायाशी ठेवायची आणि मगच कार्याला जायचं, हे सासूबाईंपासून चालत आलेलं.

लिफाफ्याच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं. कडूबाईंनी ते ओळखलं. त्यांचंच होतं.

गिरामांच्या घरातून बाहेर जाणारा कागद हळदीकुंकू लावल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही, ही कडूबाईंची पद्धत अख्ख्या भावकीला माहीत होती. परीक्षेचा फॉर्म, बँकेतला अर्ज, गोपाळच्या पासपोर्टाचे कागद, एकदा तर गॅसवाल्याविरुद्ध केलेली तक्रार, सगळं देवघराच्या फळीवर थांबून, बोट लावून घेऊन मगच पोस्टात गेलेलं होतं. मागच्या आठवड्यात गोपाळनं फळीवर काही लिफाफे ठेवले, तेव्हा कडूबाईंनी त्यांनाही बोट लावलं. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. जीवनवर वकिलाची नोटीस चालली आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी लिफाफ्यांपुढं हात जोडून म्हटलं होतं, देवा, यश येऊ दे.

ते नेमकं कोणाविरुद्ध मागितलं, हे आज फाटकात उभं होतं आणि म्हणत होतं, "वाळलीस गं कडू."

आत जाऊन कडूबाईंनी गोपाळला सांगितलं, आक्का आलीय.

"कशाला?"

"साखरपुड्याला."

"कोणी बोलावलं?"

"तू," कडूबाई म्हणाल्या. "पोस्टानं."

*

ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पाण्याचे टँकर फिरतात, त्याच जिल्ह्यात पोहण्याचे तलाव साफ ठेवण्याचा धंदा जोरात चालतो, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. पण डॉक्टरांनी फार्महाऊस बांधली, शाळांनी माहितीपत्रकावर निळं पाणी छापलं, लॉन्सवाल्यांना नवरानवरीच्या फोटोमागं तेच निळं पाणी लागू लागलं. एकदा तलाव बांधला की आठवड्यात तो हिरवा पडायला लागतो, आणि हिरव्या पाण्यात डॉक्टर उतरत नाहीत. या एका सत्यावर गिरामांचं दुमजली घर उभं होतं. घरापुढच्या अंगणात गिऱ्हाइकांना दाखवायला एक छोटा तलाव होता. त्यात घरातलं कोणी कधी पोहलं नव्हतं. आज त्याच्या तीन बाजूंनी मांडव होता आणि पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या सोडल्या होत्या. त्या गाळणीत जाऊन अडकणार हे कडूबाईंच्या यजमानांना, व्यंकटरावांना, कळत होतं, पण सजावटवाल्याला ते काही बोलले नव्हते.

हा धंदा भगवानरावांनी आणला. व्यंकटरावांचा थोरला भाऊ, दगडाबाईंचा नवरा. तरुणपणी हैदराबादच्या एका हॉटेलात तलावावर कामाला होता, तिथून विद्या घेऊन आला. पहिली कित्येक वर्षं भगवानराव पुढं सायकलीवर आणि व्यंकटराव मागं कॅरिअरवर पाइप धरून, असे दोघे जायचे. भगवानराव गेले, जीवन कामावर आला. मग गोपाळ इंजिनिअर होऊन पुण्याहून परतला, त्यानं नवा बोर्ड करून घेतला. बोर्डावर संचालक म्हणून दोन नावं होती आणि दोन्ही एकाच घरातली होती. जीवननं बोर्ड वाचला, चाव्या टेबलावर ठेवल्या आणि ताडकळसला जाऊन स्वतःचं काम सुरू केलं. महिलांच्या नावानं उद्योग काढला तर सरकार सवलत देतं म्हणून मालक दगडाबाई. त्यांच्या मागोमाग एक डॉक्टर गेले, एक शाळा गेली, एक लॉन्सवाला गेला.

तेव्हा गोपाळ म्हणाला, नोटीस. विष्णुपंत वकिलांनी ती लिहिली. जीवनला एक, मालकीण म्हणून दगडाबाईंना एक, आणि गेलेल्या गिऱ्हाइकांना एकेक. धंदा पंधरा दिवसांत बंद करावा, आमची औषधांची गुपितं वापरू नयेत, लेखी माफी मागावी, आणि सदर नोटिशीचा खर्चही तुमचेवर ठेवला आहे. डॉक्टरांचा परवा फोन येऊन गेला होता. आयुष्यात पुष्कळ नोटिसा पाहिल्या, ते गोपाळला म्हणाले, पण मंगल नोटीस पहिलीच. गोपाळला तेव्हा ते कळलं नव्हतं. आता कळलं.

विष्णुपंत पाहुणे म्हणून आधीच येऊन आतल्या खोलीत चहा घेत बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी बशी खाली ठेवली.

"कायद्यानं हे बरं दिसत नाही," ते म्हणाले. "एकीकडे आपण लिहितो, आमचे अशिलास अतोनात मनस्ताप झाला. दुसरीकडे अशील त्यांना जिलबी वाढतात."

"मग उपाशी घालवू का त्यास्नी?" कडूबाईंनी विचारलं.

"मी तसं म्हणणार नाही. फोटोत मात्र येऊ देऊ नका."

गोपाळचं म्हणणं, वालूरची मंडळी यायच्या आत त्यांना काहीतरी सांगून वाटेला लावावं. काय सांगावं, हे मात्र त्यानं आईवर सोपवलं. कडूबाई म्हणाल्या, नोटीस तुझी, तूच सांग. आठवड्यापूर्वी या दोघांचं एकमत होतं. व्यंकटराव खिडकीशी उभे राहून बाहेर पाहत होते आणि कोणाच्याच बाजूनं बोलत नव्हते.

बाहेर दगडाबाई तलावाच्या काठावर बसल्या होत्या. काठाच्या फरशा भगवानरावांनी स्वतः बसवलेल्या. दगडाबाईंनी एका फरशीवरून हात फिरवला, मग ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं, गंगेचं लावावं तसं. औषधाच्या पाण्यानं डोळे चुरचुरतात. त्या पदरानं डोळे पुसत राहिल्या. तेवढ्यावरून काही ठरवता येत नव्हतं, आणि व्यंकटरावांना ठरवायचंही नव्हतं.

त्यांच्या डोक्यात नोटिशीतलं एकच वाक्य फिरत होतं. 'मयत भगवानराव हे आमचे अशिलाकडे रोजंदारीवर कामास होते व सदर व्यवसायात त्यांचा कोणताही हक्क वा हिस्सा नव्हता.' कच्चा मसुदा वाचताना ते तिथंच थांबले होते. असं लिहावंच लागतं का, त्यांनी विचारलं होतं. विष्णुपंतांनी समजावलं, भाऊ भागीदार होता म्हटलं की पोराचा हक्क आला. मग नोटीस आपण कोणाला देणार, उलट तोच आपल्याला देईल. लागतं म्हणजे लागतं. आणि ते कायद्याला लागतं, आपल्याला नव्हे, हे ऐकून व्यंकटरावांना बरं वाटलं होतं. सही करताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता. आज हे बरं वाटणंच आठवत होतं, आणि आठवलं की कानांच्या पाळ्या गरम होत होत्या.

*

जीवननं आपल्या नावाची नोटीस शाळेच्या तलावाशी उभं राहून वाचली होती. घरी गेला तर आईच्या नावाचा लिफाफा देव्हाऱ्यात, वर जास्वंदीचं फूल. साखरपुड्याची तारीख बाजारात कळलीच होती, मागोमाग पोस्टमननं हा आणून दिला. हळदीकुंकू कोणाच्या हातचं हे सांगायला दगडाबाईंना वाचता यायची गरज नव्हती. त्या रात्री भाकरी थापता थापता गाणं म्हणाल्या. जीवनला आठवेना की शेवटचं कधी ऐकलं होतं.

वाच म्हणाल्या, तेव्हा तो म्हणाला, हाताला क्लोरीन हाय, मग वाचतो. दोनदा असं झाल्यावर त्याच म्हणाल्या, राहू दे, ज्याच्या घरचं कार्य त्यानंच वाचून दाखवावं.

सांगून टाकावं असं त्याला वाटत नव्हतं असं नाही. पण सांगायचं म्हणजे वाचायचं, आणि वाचायचं म्हणजे ते वाक्य. त्यानं एकट्यानं हळू आवाजात म्हणून पाहिलं. 'रोजंदारीवर' या शब्दाच्या पुढं जीभ जाईना. त्यापेक्षा तिला गाडीवर बसवणं सोपं होतं.

शिवाय नोटिशीत सगळंच खोटं नव्हतं. डॉक्टरांना तो म्हणाला होता, गोपाळला गाळणीचं झाकण कोणत्या बाजूला उघडतं तेसुद्धा माहीत न्हाई. हे खरं होतं, पण त्यानं ते गिऱ्हाईक फोडायला वापरलं होतं, आणि म्हणताना मजा आली होती. आता त्याच गोपाळनं त्यांना आणून मांडवाच्या पार मागं, जनरेटरशेजारी बसवलं, तेव्हा ते फार वावगं वाटलं नाही.

सृष्टीला मात्र वाटलं. नवरीमुलगी, गोपाळची बहीण, अंगावर पिवळी पैठणी, ती बायकांच्या घोळक्यातून सरळ मागं आली आणि मोठ्या मायच्या पाया पडली. नोटीस जाऊ नये म्हणून ती घरात दोन दिवस जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी जेवली, आणि नोटीस गेली. तिनं दगडाबाईंचा हात धरून उठवलं आणि पुढच्या ओळीत, वालूरच्या मंडळींसाठी ठेवलेल्या गादीच्या खुर्चीवर नेऊन बसवलं. गोपाळ काही म्हणणार होता. "दादा," ती म्हणाली, "आज मला बोलायला लावू नको."

जीवनकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांनाही माहीत असलेलं दोघांनाही दिसलं असतं.

*

वालूरची मंडळी आली. नवरामुलगा हरिओम बँकेत, वडील व्यापारी, आवाज धान्याच्या मोंढ्यात कमावलेला. पूजा झाली, ओटी भरली, अंगठ्या झाल्या, साखरेचे पुडे हातांत पडले. कार्य असं निर्विघ्न चाललं की गोपाळचा श्वास हळूहळू जागेवर यायला लागला.

मग व्याह्यांनी विचारलं, या बाई कोण?

सृष्टीची मोठी माय, व्यंकटरावांच्या तोंडून निघालं. थोरल्या भावाची मंडळी.

तेवढं निमित्त पुरलं. दगडाबाईंनी पिशवीत हात घातला. "भावजी," त्या म्हणाल्या, "मला अक्षर येत न्हाई. एवढं वाचून दावा. लय न्हाई, ह्यांचं नाव घातलंय का तेवढंच सांगा."

व्यंकटराव म्हणाले, वहिनी, मग वाचू सावकाश.

"वाचा की," व्याही म्हणाले. "आम्हांला तर फोनवरच बोलावलं. यांना पत्रिका गेली म्हणजे मान आहे बाईंचा. होऊ द्या, आम्हीही ऐकतो." आणि मोंढ्यातल्या आवाजात त्यांनी मांडव शांत केला.

गोपाळ पुढं आला, बाबांना चष्मा नाही, मी वाचतो म्हणाला.

"तू न्हाई," दगडाबाई म्हणाल्या. "तुझा बाप वाचंल."

चष्मा व्यंकटरावांच्या खिशातून अर्धा बाहेर दिसतच होता. त्यांनी तो लावला. लिफाफा फोडताना कुंकू बोटाला लागलं. विष्णुपंतांनी मान खाली घालून सरबताच्या पेल्यात काहीतरी शोधायला घेतलं. कडूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

कागदावर होतं, आमचे अशील व्यंकटराव यांचे सूचनेवरून तुम्हांस कळविण्यात येते की.

"आमचे येथे श्रीनृसिंहकृपेने," व्यंकटरावांनी वाचलं.

कागदावर होतं, तुम्ही संगनमतानं आमचे अशिलाची गिऱ्हाइकं फितवून.

"आमची कन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सृष्टी हिचा साखरपुडा, वालूर येथील चिरंजीव हरिओम यांच्याशी."

व्याह्यांनी मान डोलावली. व्यंकटरावांची नजर खाली सरकली आणि त्या वाक्यावर जाऊन बसली. मयत भगवानराव हे. बोट तिथंच होतं. बोटाचं कुंकू अक्षरांना लागलं होतं. समोर दगडाबाई खुर्चीच्या कडेला आल्या होत्या, ओठ किंचित उघडे, ताटात वाढण्याची वाट पाहणाऱ्या माणसासारख्या.

"थोरले बंधू," ते म्हणाले, "कैलासवासी भगवानराव यांच्या कृपाशीर्वादाने करण्याचे योजिले आहे. तरी आपली उपस्थिती प्रार्थनीय."

दगडाबाईंनी दोन्ही हातांनी पदर डोक्यावर सारखा केला.

"परत वाचा," मग त्या म्हणाल्या. "सगळं नको. ह्यांचं नाव आलं तेवढंच."

व्यंकटरावांनी कागदाकडं पाहिलं. मघाशी काय वाचलं होतं ते कागदावर कुठंच नव्हतं. "कैलासवासी भगवानराव," ते म्हणाले, "भगवानराव यांच्या…" आणि पुढचा शब्द कोणता तेच आठवेना. मांडव वाट पाहत होता. भाऊ आठवल्यामुळं भरून आलं, असं वालूरच्या बायकांनी एकमेकींना खुणेनं सांगितलं.

"कृपाशीर्वादाने, काका," मागून जीवन म्हणाला. शांतपणे, शाळेत पाठ चुकलेल्या पोराला सांगावं तसं. "आन् त्याच्या आधी 'थोरले बंधू' हाय. ते राहिलं तुमचं."

व्यंकटरावांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. जीवनच्या हातात कागद नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. पोरानं सगळं वाचलेलं होतं, आणि वाचूनच आईला इथं आणलं होतं.

"थोरले बंधू," व्यंकटराव म्हणाले, "कैलासवासी भगवानराव यांच्या कृपाशीर्वादाने."

व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. असं घर मिळायला नशीब लागतं म्हणाले, आणि फोटोवाल्याला बोलावून दगडाबाईंना मधोमध घेऊन फोटो काढवला. विष्णुपंतही त्यात आले.

*

पंगतीत कडूबाईंनी जावेच्या पानावर जिलबी वाढली, पुन्हा वाढली, तिसऱ्यांदा वाढायला आल्या तेव्हा दगडाबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, बस कर गं, किती लाजवशील. कडूबाई ताट घेऊन आत गेल्या ते बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. गोपाळ आत गेला तेव्हा त्या मोरीपाशी उभ्या राहून उजव्या हाताचं बोट साबणानं धूत होत्या. स्वच्छच होतं ते.

विष्णुपंत जेवून विडा लावत होते. "वाचन उत्तम झालं," ते व्यंकटरावांना म्हणाले, "फक्त साक्षीदार फार झाले."

"पंत, नोटीस मागं कशी घेतात?"

"दुसरं पत्र पाठवून. त्याच पत्त्यावर, त्याच पोस्टानं." पंतांनी चुना पुसला. "खर्च मात्र या वेळी आपल्याकडेच राहील."

गोपाळ तिथंच उभा राहून ऐकत होता. फाटकाशी जीवननं गाडी आणून लावलेली दिसली म्हणून व्यंकटराव तिकडं निघाले.

दगडाबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या, कागद परत पिशवीत, पिशवी मांडीवर. व्यंकटराव जवळ गेले. वहिनी, तो कागद माझ्याकडं द्या, ते म्हणाले, टाइप केलेला हाय, चांगल्या पुठ्ठ्यावर छापून देतो.

"दिलेली पत्रिका कोणी परत घेतं का भावजी?" दगडाबाई हसल्या आणि पिशवीचं तोंड त्यांनी मुठीत आवळून धरलं. शेजारच्या मास्तरीणबाईला दाखवायचीय म्हणाल्या, आन् ग्रामपंचायतीतल्या पोराला, तो म्हणला होता तुमचं आता काय राहिलं तिथं.

व्यंकटराव फाटकाला धरून उभे राहिले. ताडकळसात शाळा होती, बँक होती, पोस्ट होतं, दर घरात शिकलेलं एक तरी पोर होतं. एवढ्या मोठ्या गावात वाचता न येणारं माणूस आता शोधून काढावं लागलं असतं, आणि ते या गाडीवर बसलं होतं.

"जीवन," ते म्हणाले, "त्या नोटिशीचं…"

"आईसमोर नको," जीवन म्हणाला. त्यानं किक मारली, गाडी सुरू झाली, आणि त्या आवाजात त्याचं बोलणं फक्त काकालाच ऐकू जाईल एवढा तो वाकला.

"मास्तरीणबाईचं मी बघतो. वाचायची झाली तर मीच वाचून दाखवत जाईन तिला, तुमी वाचलं तसंच. फक्त लग्नाची खरी छापाल तवा शब्द बदलू नका, काका. तवर तिचे पाठ झालेले असतील."